हकीमसाहेबांच्या बाजूचा स्वार

भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हात जोडून दूर ठेवले. शास्त्राने सांगितले तेवढे मानायचे, लोक सांगतात ते ऐकून सोडून द्यायचे, अशी माझी रीत. या सदरात लिहीन असे कधी वाटले नव्हते. पण वय झाले, आणि हे माझ्याबरोबर जाऊ नये असे वाटते.

निजामीची ती शेवटची दोन वर्षे. मी गंगाखेडच्या पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो आणि पालमला दत्तूमामांकडे राहत होतो. मामा तहसील कचेरीतले निवृत्त पेशकार. त्यांना एक विलक्षण छंद होता. गोदेच्या गाळाचे बोटभर उंचीचे शिपाई, घोडे, हत्ती करायचे आणि गेरू, हळद, नीळ डिंकात कालवून रंगवायचे. एक सेना देवगिरीच्या यादवांची, दुसरी दिल्लीच्या सुलतानाची. जुन्या दाराच्या फळीवर वाळू पसरून दर शुक्रवारी दुपारी लढाई होई. मामा यादव, आणि गावात औषधे देणारे त्यांचे दोस्त हकीमसाहेब, नमाजाहून परतले की, दिल्ली. कवड्यांच्या दानावर शिपाई पडे. ज्याचा पडे त्याने तो स्वतःच्या हाताने आडवा करायचा, हा नियम.

"पेशकारसाब, तुमचे यादव दर जुम्म्याला हारायलेत. एकदा तरी दिल्लीला घाम फोडा की."

"तुमी कवड्यांवर कोणता काढा शिंपडून आणताव, ते सांगा आधी."

असे चाले. पण त्या वर्षी मामांचे हसणे वरवरचे होते. त्यांचा एकुलता एक मुलगा दिनकर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला होता आणि तीन महिने पत्र नव्हते. मामांनी एक नवा स्वार घडवला... डाव्या भुवईवर दिनकरसारखाच व्रण. डोळे काढायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी काडी माझ्या हाती दिली. म्हणाले, "शास्त्री, तूच काढ. हा फळीवर असला की पोरगं घरात असल्यासारखं वाटतं."

इथे माझ्या हातून चूक घडली. पाठशाळेत भाद्रपदातल्या मूर्तींचे डोळे मीच उघडत असे, आणि काजळाची काडी डोळ्याकडे गेली की जीभ आपोआप प्राणप्रतिष्ठेच्या मंत्राकडे जाई. त्या दिवशीही गेली. खेळण्यावर संस्कार झाला होता. लाजेने मी कोणाला काही सांगितले नाही.

पुढच्या शुक्रवारी कवड्या पडल्या आणि मरण त्याच स्वाराला आले. मामांचा हात अडला.

हकीमसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या. दुसरा कोणी द्या."

"नियम म्हणजे नियम," म्हणत मामांनी त्याला आडवा केला.

मामींनी पानाचा डबा आणून ठेवला. दोघे तिकडे वळले, मीही. परत पाहतो तर स्वार उभा — आणि वीतभर दूर, सुलतानाच्या पुढ्यात. पाठ सुलतानाकडे, तोंड आमच्या यादवांकडे. मधल्या वाळूवर एक रेघ नव्हती.

"तुमचा स्वार फितूर झाला, पेशकारसाब."

मामा हसले नाहीत. पुन्हा आडवा केला. मी पापणी लवू दिली नाही असे म्हणणार नाही. पण क्षणभराने तो पुन्हा तिथेच, तसाच उभा होता. मी सारे कबूल केले.

"म्हंजे मी दोनदा पोराला..." मामा फळीपासून मागे सरले. "शास्त्र काय सांगतं?"

"विसर्जन."

"दिनकरला गंगेत सोड म्हनतोस?"

हकीमसाहेबांनी कवड्या रुमालात बांधल्या. "खेळ बंद. पोरगं घरी येऊ द्या, मग बघू." फळी तशीच राहिली. त्यानंतर मामा दर सकाळी स्नान करून दारातूनच स्वाराकडे पाहत आणि उभा दिसला की मगच चहा घेत.

काही महिन्यांनी राज्य पालटले. दिनकर परतला, हाडे निघालेली, पण जिवंत. तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, रझाकारांचा सूड मुसलमानांवर उगवायला काही माणसे काठ्या घेऊन हकीमसाहेबांच्या दारापुढे जमली. परकी नव्हती, ओळखीची होती. दिनकर धावत गेला आणि दाराला पाठ लावून, तोंड आमच्याकडे करून उभा राहिला. "आधी मला आडवा करा," एवढेच म्हणाला. खांद्यावर एक दगड बसला, तरी हलला नाही. हळूहळू माणसे पांगली. हकीमसाहेबांच्या घरातले सगळे वाचले.

खेळात काय घडले ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे मी विचारले, तो शुक्रवार तुला आठवतो का? तो म्हणाला, "दादा, कॅम्पात वार कुणाला ठाऊक? तांदूळ निवडत असेन."

माती कशी उभी राहिली, हे मला आजही उलगडलेले नाही. पुष्कळ ग्रंथ उघडले, जाणत्यांना विचारले. पण मी वर 'आमच्याकडे' असे लिहिले आहे, ते चुकून नव्हे. त्या गर्दीत मागच्या ओळीत मीही उभा होतो. हातात काठी नव्हती. तोंडात एवढे मंत्र होते, आणि त्यातला एकही बाहेर पडला नाही.