खांबाभोवतीची प्रदक्षिणा

"जमिनीखाली माणसं पुरतात रे, उजवत नाहीत."

मंजूषामावशी हे वाक्य नीउ-व्हेनेप या तिच्या डच गावातून निघाल्यापासून दर पेट्रोल पंपाला एकदा म्हणत होती. गाडी ईशान चालवत होता, तिचा मुलगा. त्याच्या शेजारी लोटे, होणारी सून. मागे मावशी, मी आणि मांडीवर इडल्यांचा डबा. चाललो होतो दक्षिणेला, लिंबुर्गात. तिथे चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, डोंगराच्या पोटात, प्रार्थनेची जागा आहे. लोटेच्या घरातली लग्नं तिथेच लागतात. आता ईशानचं लावायचं की नाही, हे मावशी ठरवणार होती.

"तू फक्त बघ," ईशान म्हणाला. "नको वाटलं तर हॉल घेऊ."

"आणि ही रुसली तर?"

"मी रुसणार नाही," लोटे पुढून मराठीत म्हणाली. तिला मराठी कळायला लागलं होतं, ही मावशीची नवी अडचण.

मावशी पुण्याहून इथे आली ती शैलेंद्रकाकांच्या झुइडास या बँका-ऑफिसांच्या भागातल्या नोकरीमागून. काका सदा मीटिंगमध्ये, ईशान शाळेत. मग तीही शाळेत जायला लागली, मधल्या सुट्टीत डबे खाणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायला. तिचं सगळं डच तिथलं. गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, साहेबालाही ती 'सरळ बस' असं अस्खलित सांगू शकते.

खाणीच्या तोंडाशी लोटेचे ओपा, म्हणजे आजोबा, बॅटरीवरचा कंदील घेऊन उभे होते. पूर्वी ते इथे लोकांना आत नेऊन खाण दाखवायचे. मावशीने डबा उघडला. त्यांनी हात पुढे केला.

"आधी हात धुवा," मावशी डचमध्ये म्हणाली.

त्यांनी बाटलीतल्या पाण्याने निमूट धुतले.

आत फ्रिज उघडल्यासारखी थंडी. दगड कापून नेलेला, मध्ये खांब तेवढे सोडलेले, आणि दोन खांबांमधून दर वेळी नवी वाट. एका जाड खांबात वेदी कोरलेली, समोर बाकं.

"होम कुठे करायचा?" मावशीने विचारलं.

लोटेने ओपांना विचारून सांगितलं, "विस्तव नाही. धूर बाहेर जात नाही."

"अग्नीच नाही? मग लग्न कसलं?"

लोटे कोटाची चेन वरखाली करत राहिली. मावशीने बूट काढले, वेदीला हात जोडले. "राग देवावर नाही," असं पुटपुटत उजवा हात खांबाला लावून ती प्रदक्षिणेला निघाली. ओपांना वाटलं, कोरीवकाम बघतेय.

या बाजूने गेली, त्या बाजूने आलीच नाही.

"आई?" ईशान धावला. ओपांनी त्याचा दंड धरला. "कोणी हलायचं नाही. हाक एकानेच मारायची."

लोटेने तोंडाशी हात धरून डचमध्ये हाक दिली, "मंजूषाआई, आहे तिथे खाली बस!"

लांबून, खांबांच्या मागून, आवाज आला, "बसले."

बोटांखालचा खांब कधी बदलला ते तिला कळलंच नव्हतं. लोटे आणि ओपा कंदील घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. बाकावर बसवून लोटेने तिच्या गार पायांत स्वतःचे लोकरी मोजे चढवले. मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"काही म्हणजे काही दिसत नव्हतं," ती म्हणाली. "नुसते आवाज. मग कंदील वर झाला आणि पहिलं हिचं तोंड दिसलं. ईशान, अंतरपाट कशाला धरतात?"

"एकमेकांना बघू नये म्हणून."

"इथे कापडच नको. मंगलाष्टकं अंधारात. सावधान झालं की ओपांनी कंदील उघडायचा."

"आणि होम?"

"तो घरी. मागच्या अंगणात, शेजाऱ्यांना सांगून."

"म्हणजे हो?"

"आधी अक्षता चालतील का विचार."

लोटेने विचारलं. तांदूळ चालतील, मागून झाडून घ्यायचे. "पण ते गाणं किती लांब असतं, म्हणतायत. अंधारात लोकांना झोप येते."

"दाखवते ना. तुम्ही दोघं उभे राहा. मध्ये अंतर ठेवा."

ओपांनी कंदील झाकला. मावशीने सूर लावला. अंधारात कुणीतरी शिंकलं. "सावधान" संपलं, तरी अंधारच. मग कुठे कंदील उघडला.

"उशीर झाला," मावशी ओपांना म्हणाली. "पुन्हा."