मावशींच्या गालावरचं पुरळ

फुप्फुसाच्या कॅन्सरवरची नवी गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले, तेव्हा मावशी पदराने तोंड झाकूनच तपासणीला आल्या.

"सोळावं लागलंय हिला, मुरुमं आलीत," काका म्हणाले.

"गप बसा हो!"

मी ज्यांच्या हाताखाली संशोधन करते, त्या मॅडमनी पदर बाजूला करून पुरळ निरखलं. ही गोळी गाठीतल्या ज्या प्रथिनाला अडवते, ते त्वचेतही असतं; म्हणून गोळी काम करू लागली की असं पुरळ उठतं.

"गोळी लागू पडतेय, असं वाटतंय. नक्की स्कॅननंतरच कळेल."

शाळेत एका मुरुमापायी मी आठवडाभर मान वर केली नव्हती. शरीर चांगली बातमीसुद्धा कधी कधी अशी ओशाळवाणी करून सांगतं.

काका चष्मा लावून मावशींच्या गालावर आणखी पुरळ शोधू लागले.