मागच्या दारचं माहेर

म्हाळुंग्याची भागूबाई होती तोंडाची फटकळ, हे तिचे मित्र-वैरी दोघंही सांगतील. पण होती कशानं, तेही ऐका की. ऐन उमेदीत कपाळ पांढरं झालेलं, पदरात एकटा कोंडीराम आणि भावकी जमिनीवर टपलेली. बाईनं कुणापुढं पदर पसरला नाही. कांदा स्वतः लावला, स्वतः काढला आणि गाडी जुंपून चाकणच्या बाजाराला स्वतःच नेला. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. अशा सासूच्या घरात सून कशी नांदायची, ही काळजी मात्र गावाला. अहो, ते सुनेला विचारा ना. ही गोष्ट तिचीच आहे.

सून रतन, पुनावळ्याची. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवली आणि एकदाची उजवली. पुढं तिला दिवस गेले. बायांनी ओटी भरली, तसा भागूबाईनं पुनावळ्याला निरोप धाडला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. चुलतीनं कानांवर हात ठेवले. घरात आजारपण आहे, म्हणे. आजारपण कसलं, दानत नव्हती.

रतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "कवा निघाली माहेराला?" ती खाली मान घालून हंडा उचलायची. शेजारची आक्काबाई तर गावातल्या रीतिभातींची ठेकेदारच. ती ओट्यावर येऊन म्हणाली, "भागू, पहिलटकरीण सासरीच बाळंत केलीस, तर गाव तोंडात शेण घालंल. पोरीला कुणी न्हाई म्हणतील." रतन आत चुलीपाशी ऐकत होती. आता सासूही आपल्यालाच बोल लावणार, या धास्तीनं तिची तव्यावरची भाकरी करपली.

भागूबाई एवढंच म्हणाली, "रीत मोडायची न्हाईच. माहेरालाच जाईल ती."

दुसऱ्या दिवशी तिनं घरामागची पडवी सारवली, तिथं बाज टाकली. मग गाडी जुंपली, रतनला बसवलं आणि कासरा हातात घेतला. भर गावातून गाडी निघाली. शिवेवर तिनं बैल थांबवले.

"खाली उतर," म्हणाली. रतन उतरली.

"आता परत चढ. हितवर सासूनं आणली, हितनं म्होरं आई नेती. आजपासनं मला आत्याबाई म्हणायचं न्हाई."

पांदीनं वळसा घालून गाडी मागच्या दाराशी आली. भागूबाईनं रतनच्या पायांवर पाणी घातलं आणि "दमलीस गं बाय" म्हणून जवळ घेतलं. कळायला लागल्यापासून रतनला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं. ती पोटभर रडली.

त्या दिवसांत पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता. कोंडीराम तिथं बांधकामावर होता, शनिवारी सायकल मारत घरी यायचा. त्या शनिवारी आला तो सरळ पडवीकडं निघाला, तर आई दारात आडवी.

"जावईबापू, बोलावल्याबिगर येत न्हाईत."

"अगं, बायको हाय माझी."

"मग पाहुण्यावाणी या. हात हलवत सासरवाडीला कोण येतं?"

बिचारा पुढच्या शनिवारी चिंचवडहून खारका घेऊन आला. गाव पोट धरून हसलं. आक्काबाईनं नाक मुरडलं, म्हणाली, "काय थेरं ही." भागूबाईचं उत्तर तयारच होतं, "तुझ्या माहेराला भाऊच भाऊ. तुला काय कळायचं?"

रतनला मुलगी झाली, शालन. भागूबाईनं बाळंतिणीला शेकलं, डिंकाचे लाडू चारले, उन्हातल्या कामापासून लांब ठेवलं. पुढच्या घरात सासू, मागच्या पडवीत आई, अशी ती तीन महिने दोन घरं सांभाळत राहिली. रतन पुढं जन्मभर सांगायची, आई कशी असते ते मला ह्या बाईनं दाखवलं, तिचे पांग फिटायचे नाहीत.

मग पाठवणीचा दिवस आला. कोंडीराम गाडी घेऊन न्यायला आला. भागूबाईनं लाडवांचा डबा गाडीत ठेवला, नातीला तीट लावली, आणि एवढी खमकी बाई मागच्या दारात ढसाढसा रडली. गाडी शिवेवरून फिरून पुढच्या दाराशी येते, तोवर ती घरातून पुढं येऊन भाकरतुकडा घेऊन उभी. डोळे अजून लाल.

"आत्याबाई, काय झालं?" रतननं विचारलं.

"आत्ताच लेक वाटंला लावली बघ," भागूबाई म्हणाली. "तू ये आत. सून आल्याचा आनंद हाय मला."

शालनला कुणी विचारायचं, आईकडची आजी कुठं असते गं? ती भागूबाईकडं बोट दाखवायची. आणि बापाकडची? बोट तिथंच.

शालन शाळेत जायला लागली त्या वर्षी, एकोणसाठ साली, तापाचं निमित्त झालं आणि भागूबाई गेली. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले. आक्काबाई येऊन म्हणाली, "ऊठ रतन, सुतक फिटलं. चूल पेटव आता."

रतन घोंगडीवरून हलली नाही.

"सुनेचं फिटलं, काकी," ती म्हणाली. "लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं असतंय. ते आजपासनं धरलंय."

आक्काबाई जन्मभर रीतीवरून भांडत आली होती. आज ती तशीच मागं फिरली. घरी गेली आणि सुतकाच्या घरी न्यायची तशी पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली.