धुळ्यात वाजलेली कवटी

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि फलाटाच्या टोकाला रचलेल्या केळीच्या घडांचा ओला, हिरवट वास थंडीत भरून राहिला होता. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. मी पुण्यात एका बँकेत नोकरी करत होतो आणि रजा काढून माझ्या जुन्या मित्राकडे, सुधीरकडे, निघालो होतो. माझ्या सामानात कपडे कमी आणि कॅसेट जास्त होत्या.

सुधीर आणि मी पुण्याला हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो. तिथेच आम्हाला रॉक आणि मेटलचं वेड लागलं. पुढे त्याचे वडील गेले, तो जळगावला परतला आणि त्यांचं शेतीच्या पाइपांचं दुकान चालवू लागला. मग आम्ही एकमेकांना कॅसेट पाठवायचो आणि फोनवर भांडायचो. त्या कॅसेटच्या कव्हरवरची इंग्रजी अक्षरं इतकी काटेरी असायची की नावं वाचताच यायची नाहीत. म्हणून चित्रावरून आम्ही आपली नावं ठेवली होती. माझा आवडता अल्बम 'दीपस्तंभ', त्याचा 'कवटी'.

स्टेशनवर तो स्कूटर घेऊन आला होता. घरी चहा झाला, आंघोळ झाली आणि त्याने मला मेहरूणच्या तलावावर नेलं. पाण्यावर अजून धुकं होतं. काठावर बसून आम्ही वॉकमनच्या एकाच हेडफोनला दोघांनी कान लावले आणि फोनवर अर्धं राहिलेलं भांडण पुढे सुरू केलं.

माझं म्हणणं असं की 'दीपस्तंभ'सारखा अल्बम पुन्हा होणे नाही. त्यातला गिटारवाला घाई करत नाही. एक सूर धरतो, तो पिकू देतो, मग सोडतो. 'कवटी'त काय आहे? जिन्यावरून भांड्यांची बुट्टी गडगडत यावी तसा ड्रम, आणि त्यावर घसा फाटेपर्यंत ओरडणारा एक माणूस. सुधीर म्हणाला की तू ऐकत नाहीस, तू ते इंग्रजी मासिक वाचतोस आणि त्यात लिहिलेलं मला ऐकवतोस. 'कवटी'च्या दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं आहे, ते ऐकलं की कळतं, यांना सगळं येतं आणि तरी ते वेगाने वाजवतात. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत होतं. 'टाळ्या' नावाचा जो प्रत्यक्ष कार्यक्रमातला अल्बम होता तो टाकाऊ. गायकाला वरचा सूर लागेनासा झाला की तो लोकांना गायला सांगायचा.

दुपारी नशिराबादजवळ सुधीरच्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात भरिताचं जेवण होतं. हिरवी, लांबट, मोठी वांगी वाळलेल्या पळकाठ्यांवर (कपाशीच्या काड्यांवर) भाजतात, मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मी पुण्याच्या मिळमिळीत जेवणाला सरावलेलो, पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि चौथ्या भाकरीला यजमानांनीच काळजीने माझ्याकडे पाहिलं.

तिथून परतताना सुधीरने खरी बातमी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याला धुळ्याला मुलगी बघायला जायचं होतं आणि मी बरोबर यावं असं त्याच्या मनात होतं. त्याची आई मुलीला बघून आली होती, घर पसंत होतं, आता मुलाने जायचं बाकी होतं. मी खूश झालो, पण तो नव्हता. काही महिन्यांपूर्वी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मग त्या लोकांच्या कानावर कुणीतरी घातलं की मुलगा भुताखेतांची गाणी लावून खोलीत एकटा बसतो, पुण्याला शिकायला होता तेव्हा नशापाणी करत असणार. सुधीर सुपारीसुद्धा खात नाही. स्थळ मोडलं. त्याची आई त्या गोष्टीने फार दुखावली होती आणि धुळ्याला गाण्यांचा विषय काढायचा नाही असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. बरोबर सुधीरचे मामा होते, त्यांना सगळे नाना म्हणत. पांढरं धोतर, काळा कोट, टोपी आणि बोलण्यात तोललेला ठेहराव. एरंडोल, पारोळा मागे पडत गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि कापसाने ठासून भरलेल्या बैलगाड्या इतक्या रुंद झाल्या होत्या की एसटीला रस्त्याखाली उतरावं लागे. नाना खिडकीतून प्रत्येक शेताचं पीक जोखत होते. सुधीर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, मी दुसरी पिशवी घेऊन. दोन्ही पिशव्या त्याच्या दुकानाच्या, दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटलेल्या, निळ्या रेक्झिनच्या. एकीत मुलीकडे द्यायचे पेढे, नारळ आणि फळं. दुसरीत आमच्या कॅसेट, कारण धुळ्याच्या बसस्टँडजवळ एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं आणि तिथल्यासारख्या स्वच्छ कॉप्या जळगावात कुणी करून देत नसे. मी धुळ्याहूनच परतणार असल्याने माझी कपड्यांची बॅगही बरोबर होती.

धुळ्यात उतरल्यावर आम्ही आधी त्या दुकानात गेलो. दुकानदार गिऱ्हाइकांच्या गर्दीत होता. त्याने मान हलवली, मी काउंटरमागे पिशवी ठेवली आणि नानांनी घाई केली म्हणून तसेच रिक्षात बसलो. सरळ, काटकोनात एकमेकांना छेदणारे रस्ते, दोन्हीकडे दुकानांच्या पाट्या, मधूनच आग्रा रोडवरून जाणाऱ्या ट्रकचे कर्णे. मला गाव आवडलं. कुठूनही कुठेही सरळ दिसतं.

मुलीचं नाव सुनंदा. ती एका शाळेत गणित शिकवायची. घरात तिचे वडील, त्यांना भाऊ म्हणत, आई आणि आजोबा. आजोबांना सगळे आबा म्हणत. त्यांचं सगळं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, गेलं होतं आणि त्या यंत्रांनी त्यांचे कान बरेच अधू केले होते. पोहे आले, चहा आला. सुनंदा समोर येऊन बसली. भाऊंनी सुधीरला दुकानाबद्दल विचारलं, त्याने पाइपांबद्दल इतकं सविस्तर सांगितलं की मलाच जांभई आली. मग नानांनी घसा साफ केला, आमच्याकडची छोटीशी भेट आहे म्हणाले, पिशवीची चेन उघडली, आत हात घातला आणि बाहेर काढली ती 'कवटी'.

मी चुकीची पिशवी दुकानात ठेवली होती.

नानांनी ती कॅसेट हातात धरून पाहिली. काळ्या आभाळाखाली जळती कवटी, तिच्या डोळ्यांतून निघालेला साप. पुन्हा हात घातला तर हाताला लागला एक सांगाडा, तलवार घेतलेला. भाऊंचा चेहरा कडक होत चाललेला मला दिसत होता. आबांनी हात पुढे करून कॅसेट मागून घेतली, चष्म्याजवळ नेली.

"हाई काय शे?" (हे काय आहे?) त्यांनी विचारलं. मग पिशवीत डोकावून, "बठ्ठा भुतेच शेतस का?" (सगळी भुतंच आहेत का?)

मी पुढे झालो. सामान माझं आहे, पुण्याहून मीच आणलंय, सुधीरचा यात काही संबंध नाही, असं सांगायला तोंड उघडलं. नाना तर मान डोलवायलाच लागले होते. पण सुधीर माझ्या आधी बोलला.

"निम्म्या माझ्या आहेत," तो म्हणाला. "हातातली तर माझीच. मी हेच ऐकतो, रोज ऐकतो. आईने सांगू नको म्हटलं होतं. पण आता तुमच्यासमोर आलंच आहे, तर खोटं बोलून बसणं मला जमणार नाही."

नानांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. सगळं संपलं असा त्याचा अर्थ असावा. मला मात्र त्या क्षणी माझ्या मित्राचा इतका अभिमान वाटला की मी उरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

तेवढ्यात सुनंदा उठली. आतून भजनांचा टेपरेकॉर्डर घेऊन आली, त्यातली कॅसेट काढून नीट बाजूला ठेवली आणि सुधीरला विचारलं, "आधी कोणती लावायची?"

भाऊ काहीतरी बोलणार होते, पण आबांनी हात वर केला. सुधीरने 'कवटी' दिली.

भरदुपारी, धुळ्याच्या त्या शांत गल्लीत, ती सुरू झाली. पहिल्याच ठोक्याला कपबशा थरथरल्या. शेजारच्या बाई गच्चीतून वाकून विचारायला लागल्या की काय पडलं. सुनंदाची आई पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. भाऊंनी कपाळाला हात लावला. एकटे आबा शांत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी सुनंदाला खूण केली. मला वाटलं, आता बंद करायला सांगणार. त्यांनी आवाज मोठा करायला सांगितला. मग माझ्याकडे वळून त्यांच्या बोलीत म्हणाले की जिनात असाच आवाज असायचा, बऱ्याच दिवसांनी घरात काहीतरी नीट ऐकू आलं.

सुनंदा मात्र परीक्षेचा पेपर तपासावा तशी ऐकत होती. हसली नाही, चेहराही वाकडा केला नाही. गाणं संपल्यावर म्हणाली की हा गाणारा चिडलेला वाटत नाही, घाबरलेला वाटतो, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ओरडतोय. सुधीरने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही त्या माणसाच्या घशाबद्दल बोलत होतो, तो कशाने ओरडतोय हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता.

आता मला राहवेना. हे ऐकलंत, आता खरं संगीत ऐका, असं म्हणून मी 'दीपस्तंभ' लावला, शेवटचं मोठं गाणं. मोठ्या विश्वासाने सगळ्यांचे चेहरे पाहत बसलो. आबांना झोप लागली. सुनंदाने पूर्ण ऐकलं आणि मग अगदी शांतपणे म्हणाली की सुरुवात छान आहे, पण गाणं कधीच संपलंय आणि हे लोक अजून वाजवत बसलेत. सुधीर मनापासून हसला, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याशी वाद घातला. गिटारवाला घाई का करत नाही ते समजावलं. तिने विचारलं की हे तुम्हाला ऐकताना वाटलं का कुठे वाचलं? नाना म्हणाले की आपण इथे सोयरीक जुळवायला आलो आहोत, याची कुणाला आठवण आहे का.

मग ती सुधीरकडे वळली आणि तो हे का ऐकतो म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. दिवसभर दुकानात सगळ्यांशी गोड बोलावं लागतं, कुणी उर्मट बोललं तरी हसावं लागतं. शिकलो वेगळ्यासाठी, करतो वेगळं, त्याची तक्रार नाही. पण संध्याकाळी खोलीचं दार लावून हे ऐकलं की डोकं मोकळं होतं, नाहीतर तो राग घरात आईवर निघाला असता.

सुनंदाने मघाशी काढून ठेवलेली 'कवटी' उचलली. ती डबीत घातली आणि सुधीरच्या हातात दिली.

"मला हे आवडलं नाही," ती म्हणाली. "पुढेही आवडेल असं वाटत नाही. पण ऐकताना दार लावून घेत जाऊ नका."

त्या वाक्याचा अर्थ पुढच्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आला. तिची आई घाईघाईने आत गेली, साखर आणायला. भाऊंनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं, मग नानांना म्हणाले की पोरीनं बोलून टाकलं, आता आपण काय बोलायचं. नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. आबांना हलवून उठवलं, बातमी सांगितली, तर त्यांनी विचारलं, ते पहिलं गाणं पुन्हा लावता का.

जेवूनच जायचं असा आग्रह झाला. शेवभाजी, गरम पोळ्या, वर कच्चा कांदा. शेवभाजीच्या तर्रीपुढे नशिराबादची मिरची मला सौम्य वाटायला लागली.

संध्याकाळी आम्ही रेकॉर्डिंगच्या दुकानात पिशवी घ्यायला गेलो. दुकानदाराने हात जोडून सुधीरचं अभिनंदन केलं. पिशवीत पेढे आणि नारळ पाहून त्याने एवढंच ताडलं होतं की याचं लग्न ठरलंय आणि हा तोंड गोड करायला ठेवून गेलाय. मग त्याने दुपारभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला होता. आम्ही तिथे पोहे खात घामाघूम झालो होतो, तेव्हा अर्ध्या बसस्टँडने सुधीरच्या लग्नाचे पेढे खाल्ले होते. नानांनी नारळ तेवढा परत मागून घेतला.

मी तिथूनच नाशिकमार्गे पुण्याची बस पकडली. सुधीर खिडकीशी उभा होता. आईला काय सांगणार म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, सगळं. बस हलली तरी तो हसतच होता.

खानदेशात मी दोनच दिवस होतो, पण तिथल्या लोकांच्या बोलण्याची एक गोष्ट माझ्याबरोबर आली. आवडलं नाही तर ते तसं तोंडावर सांगतात, आणि सांगून झाल्यावर जेवायला बसवतात. दोन्हींत त्यांना काही विरोध वाटत नाही.

पुण्यात आमचा ऐकणाऱ्यांचा एक कट्टा होता. मी परतल्यावरच्या रविवारी एकाच्या भावाने परदेशातून नवीन अल्बम पाठवला होता. त्यावरचं परीक्षण मी मासिकात आधीच वाचलं होतं आणि नेहमीप्रमाणे सगळे माझ्याकडे वळले, कसा आहे, सांग. दोन-तीन तयार वाक्यं माझ्या ओठांवर होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "लावा, ऐकू आधी."