मेहताकाकांचं मडकं

मंडळी, आत्ताच घोडबंदर रोडवरच्या चेणे गावाहून घरी आलोय. हाताला अजून पोपटीच्या पाल्याचा वास येतोय, पण मन जड झालंय.

आम्ही मूळचे रायगडचे. नव्वदच्या दशकात नवघरला राहायचो. नाताळच्या सुट्टीत बाबा बिल्डिंगमधल्या सगळ्यांना चेण्याला नेऊन पोपटी लावायचे. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेजारचे मेहताकाका जैन, म्हणून त्यांचं मडकं वेगळं, नुसत्या शेंगांचं. ते मडकं बाबा दुपारीच लावायचे, आमचं संध्याकाळी. आम्ही पोरं कुरकुरायचो, "एवढ्या उन्हात कोण पोपटी लावतं?"

बाबा म्हणायचे, "मला भूक लागलीय."

बाबा गेल्यानंतरची आजची पहिली पोपटी. काकांना मुद्दाम सोबत नेलं. बटाटा नको, अंडं नको, सगळं लक्षात ठेवलं. पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, जाळ उशिरा पेटला. मडकं उघडलं तेव्हा सूर्य मावळला होता.

शेंगा पुढे केल्या, तर काकांनी हात जोडले. "बेटा, सूरज गेला. आमच्यात सूरज गेल्यावर नाय खात." मग त्यांनीच एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

भूक लागलीय म्हणणारे बाबा त्या मडक्यातली एक शेंगही खायचे नाहीत. ते अंधार पडल्यावर आमच्याबरोबरच जेवायचे. हे मला आज आठवलं.

तुमच्या घरातल्या कुणाची घाई तुम्हाला अशी उशिरा कळली?