कल्हईचं पातेलं

आम्ही अमेरिकेला निघालो त्या दिवशी बाबांनी माझ्या बॅगेतून स्वेटर काढून पलंगावर टाकले आणि त्या जागी आईचं पितळी पातेलं बसवलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाबा, तिकडे बर्फ पडतो. थंडीत पातेलं अंगात घालू का?"

"स्वेटर तिकडं बी मिळतील," ते म्हणाले, "हे मिळायचं नाय. पोरीला ह्याच्यातच वरण शिजवून घाल. आत्ताच कल्हई करून आणलीय, बघ कसं चमकतंय."

चमकत होतं खरं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, तिचं एवढं एकच भांडं मला हवं होतं, म्हणून मी आणखी वाद घातला नाही. मुलगी आठ महिन्यांची होती. नवऱ्याला नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीने तिकडच्या शाखेत पाठवलं होतं. आमच्या सिडकोतल्या शेजाऱ्यांनी औक्षण केलं, आणि धाकटा भाऊ गाडीमागे गल्लीच्या टोकापर्यंत पळत आला.

धाकट्याबद्दल सांगायला हवं. तिशी ओलांडली तरी तो लहान मुलासारखाच आहे. शाळेत दोन वर्षं बसवून पाहिला, मग मास्तरांनी हात टेकले. अंगणात चिमण्या आल्या की मोजायला लागतो, "एक, दोन, चार." तीन त्याला कधी सापडलाच नाही. तो पोटात असताना ग्रहणात आईने विळीवर मेथी चिरली होती. म्हणून पोर असं निपजलं, गावाकडची माणसं आली की हाच विषय. भांडण झालं की बाबाही तिला तेच ऐकवायचे. आई एरवी तोंडाची मोठी फटकळ, पण याच्यावर कधी उलटून बोलली नाही.

तिकडे गेल्यावर पहिले महिने नुसते नाकी नऊ आले. नवरा अंधारात जायचा, अंधारात यायचा. शेजारी दिसले की तोंड भरून हसायचे आणि दार लावून घ्यायचे. दिवसभर मी आणि मुलगी, आणि खिडकीबाहेर बर्फ. मी कुणाशी भांडूसुद्धा शकत नव्हते, आणि मला भांडल्याशिवाय करमत नाही. संध्याकाळी मात्र आईच्या पातेल्यात चिंच-गुळाची आमटी उकळायला ठेवायचे. वाफेबरोबर आमचं सिडकोतलं स्वयंपाकघर आल्यासारखं वाटायचं. मुलीला त्याच आमटीत भात कालवून भरवायचे. व्हिडिओ कॉलवर बाबा आधी पातेलं बघायचे, मग नातीला.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिकडच्या रीतीप्रमाणे तिच्या रक्ताची तपासणी झाली. दवाखान्यातून फोन आला, रक्तात शिसं सापडलंय, फार आहे, आजच्या आज परत या. मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. दुसऱ्यांदा दंडातून रक्त घेतलं. पुन्हा तेच उत्तर. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या की शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं, बोलणं, शिकणं, समजणं मागे पडू शकतं. किती नुकसान झालंय ते आज सांगता येणार नाही. ती शाळेत जाईल तेव्हा हळूहळू कळेल.

म्हणजे वाट बघा. पोटच्या पोरीच्या मेंदूची वाट बघा.

मग आरोग्य खात्याची एक बाई घरी आली. तिच्या हातात शिसं शोधणारं, ड्रिलसारखं एक यंत्र होतं. ते ती खिडक्यांच्या रंगाला लावायची, खेळण्यांना लावायची, यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बघायची आणि मान हलवायची. मी मनात म्हणत होते, निघू दे, खिडकीत निघू दे, घरमालकाला चांगला फैलावर घेते. खिडकीत काही निघालं नाही. हळदीत नाही, कुंकवात नाही. शेवटी तिने यंत्र पातेल्याच्या आत धरलं. आकडा बघून तिने पुन्हा धरलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, बाळाचं जेवण यात होतं का?

मी हो म्हणाले. रोज, असंही म्हणाले.

ती गेल्यावर मी बाबांना फोन लावला. नाशकात पहाट होती, त्याचंही भान मला नव्हतं. "कल्हई कशाची केलीत?" मी ओरडलेच.

बाबा टर्नर. सगळी नोकरी सातपूरला लोखंड-पितळेत गेली. कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात, त्यांचा भरवसा नाही, हे त्यांचं लाडकं मत. म्हणून कल्हईवाल्याला कथील ते स्वतः द्यायचे. कारखान्यात शेजारच्या खात्यात डाख लावायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम चाले, तिथले उरलेले कांड्यांचे तुकडे त्यांना मिळत. वर्षानुवर्षं डब्यात साठवले होते. निवृत्त झाले तरी डबा माळ्यावर होता.

"कंपनीचं कथील हाय ते, एकदम शुद्ध," ते म्हणाले. "तुमच्या त्या बाईचं मशीनच खराब असंल."

"बाबा, ते डाख लावायचं आहे. डाखेत शिसं असतंच, आणि चिंचेच्या आंबटपणाने ते आमटीत उतरतं. तुम्ही कधी विचारलंत का कुणाला?"

मग ते म्हणाले, "चमकत तर व्हतं गं," आणि फोन ठेवला.

पातेलं त्या बाईने सांगितल्याप्रमाणे वेगळ्या कचऱ्यात दिलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण नुसता संताप आला. बाबांचा, आईचा, चिंचेच्या आमटीचा, माझा. पुढचे महिने लोहाची औषधं, पालक, आणि दर थोड्या दिवसांनी सुई. दवाखान्याची इमारत दिसली की मुलगी माझ्या मानेत तोंड खुपसायची. रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. बोलणं मात्र येईना. पार्कात तिच्याएवढी मुलं वाक्यं बोलायची, मी ती वाक्यं मोजत बसायचे आणि त्यांच्या आयांचा मनातून राग करायचे.

बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. कॉलवर ते नातीचं तोंड एकटक बघायचे आणि म्हणायचे, "आजोबा म्हण की."

मुलगी तीन वर्षांची झाली आणि आम्ही सुट्टीत नाशिकला आलो. तोवर ती थोडं बोलायला लागली होती, तुटक, पण लागली होती. घरात शिरले तर फडताळात एकही पितळी भांडं नव्हतं. सगळं स्टील. बाबा खूप वाळले होते. धाकटा आणि मुलगी यांची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली. दोघं अंगणात तासन्‌तास बसायची, तो तिला चिमण्या दाखवायचा.

निघायच्या आदल्या दुपारी मी ओट्यापाशी चहा गाळत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तुला एक विचारायचंय," ते म्हणाले. "तू ल्हान व्हतीस तवा आपण सिन्नरकडं गावात व्हतो. कल्हईवाला गावातला, कथील त्याचंच."

"हं."

"मंग मी सातपूरला लागलो. कांड्या तवापासूनच्या. त्याच वर्षी तुझ्या आईला दिवस गेले."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. एवढी शिकलेली मी, एवढ्या डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि हा हिशेब माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. म्हाताऱ्याने तो एकट्याने मांडला होता, कदाचित त्याच पहाटे.

"धाकट्याचं रक्त तपासलं तर कळंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आता इतक्या वर्षांनी कुणीच नक्की सांगू शकणार नाही."

खोटं नव्हतं ते. डॉक्टरही हेच म्हणाले असते. त्यांना धीर द्यावा असं वाटलं, पण माझ्याकडे तो नव्हताच. अंगणातून आवाज आला. मुलगी चिमण्या मोजत होती, "एक, दोन, चार." धाकटा टाळ्या वाजवत होता. मामाकडून शिकली असेल, मी स्वतःला सांगितलं. रोज त्याच्याजवळच असते ना. तिकडे कोण शिकवणार होतं तिला मराठी आकडे?

बाबांनीही ते ऐकलं. त्यांनी दाराची चौकट धरली आणि हळूच खाली बसले.

"ती मेथी चिरली म्हणून," ते म्हणाले, "मी जलमभर तिलाच बोललो गं."