सिल्वासा: आधी शिडी, मग बोहला

"मावशी, आमच्या शाळेत 'मुलींसाठी वेगळ्या वाटा' असा कार्यक्रम आहे, ये ना," असा नीलिमाचा फोन आला. नीलिमा माझी भाची, सिल्वासाला शिक्षिका आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मनापासून सांगायच्या, मुली काहीही होऊ शकतात: शिक्षिका, नर्स किंवा सिस्टर. एवढ्या भांडवलावर मी निघाले. बक्षीस म्हणून स्वतः भरतकाम केलेले रुमाल घेतले. वेगळ्या वाटेवरही नाक पुसावंच लागतं.

वापीपर्यंत गाडी, पुढे शेअर रिक्षा. तुम्ही जाणार असाल तर सामान थोडंच घ्या. रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती भरली की नाही हे फक्त चालकालाच कळतं. माझी पर्स एका आजोबांच्या मांडीवर बसून आली. रस्ताभर ट्रक आणि सुताचे कारखाने. नीलिमा सिल्वासातल्याच डोकमर्डी भागात राहते. रात्री तिने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. हॉटेलात हे सहसा मिळत नाही, ओळख काढा.

सकाळी शाळेत गेलो. व्यासपीठावर पाच पाहुणे, पाचही पुरुष. फलकावर 'मुलींनो, पुढे या', आणि मुली सगळ्यात मागे, कारण पुढच्या खुर्च्या निमंत्रितांच्या. रांगोळी मुलींनी काढली, चहाही त्यांनीच दिला. एक गृहस्थ विमान चालवणाऱ्या मुलींवर भरभरून बोलले आणि घसा सुकल्यावर म्हणाले, "बेटा, पाणी आण."

पाणी आणलं सोनलने. नुकतीच दहावी झालेली, मदतीला आलेली. तिला आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करायचा होता. प्रवेश दोन दिवसांत बंद होणार होते आणि वडील नाही म्हणत होते. ते धुळ्याकडचे, इथे सुताच्या कंपनीत. नीलिमाने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पाहुणे गेल्यावर आम्ही चौघं रिकाम्या वर्गात बसलो.

"मॅडम, नर्सिंग सांगा, बालवाडी सांगा," ते म्हणाले. "पण वायरमन? पोरगी मॅन कशी व्हईन?"

"नुसतं नाव आहे हो ते, भाऊ," नीलिमा म्हणाली.

"आन शिडीवर चढणाऱ्या पोरीला बोहल्यावर कोण चढवीन?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सिस्टरांचं वाक्यच आठवलं, म्हणून मिटलं.

"पप्पा," सोनल म्हणाली, "तुमी कंपनीत काय करता?"

"तुला म्हाईत नाही? मशीनवर दोरा ओवतो."

"बारा तास. आख्ख्या खात्यात माणसंच दोरा ओवतात. मम्मीनं ओवला तर बायकांचं काम, तुमी ओवला तर ड्युटी?"

नीलिमा एकदम फळा पुसायला लागली.

"लई जीभ चालते हिची, बेन," ते मला म्हणाले.

"हात चालवायला मागते आहे ती," मी म्हटलं.

"आन बोहल्याचं काय?"

"शिडी चढता आली की बोहला बुटकाच वाटतो, पप्पा."

ते हसले नाहीत. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र उलटसुलट करत राहिले. मग नीलिमाला म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो. कुठं जायाचं ते सांगा. पण पहिल्या दिवशी शिडी मी धरीन."

परतताना वापीच्या वाटेवर दादरा गावच्या तळ्याकाठी थांबले. संध्याकाळी जा, दुपारी सावली पुरत नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी नीलिमाचा फोन आला. सोनलला प्रवेश मिळाला. वर्गात ती एकटीच मुलगी. शिडी धरायला वडिलांना आत सोडलं नाही, ते फाटकाशी उभे राहिले. आणि संस्थेत पूजा निघाली तेव्हा आरतीचं ताट कोणाच्या हातात दिलं, हे सांगायला नकोच. तिने ताट घेतलं, आरती केली, आणि त्यानंतर मांडवातली दिव्यांची माळ जोडायलाही तीच चढली.

"आणि तू बक्षीस दिलेला रुमाल सोनल रोज नेते," नीलिमा म्हणाली.

"नाक पुसायला?"

"छे गं, मावशी. टेस्टर गुंडाळून ठेवायला."

टाका मजबूत घातला होता मी. टिकेल.